शेततळ्यात मासे टाकले तर परवडतं का? 30 बाय 30 चं तळं आहे.

परवडतं, पण आधी एक सांगा, तुमच्या तळ्यात उन्हाळ्यात पाणी किती उरतं? आमचं तळं सांगोल्याकडे, डाळिंबासाठी काढलेलं, आणि पहिल्या वर्षी मी नेमका हाच हिशोब केला नव्हता. गावात टेम्पो घेऊन आलेल्या माणसाकडून स्वस्तात जिरे (माशांची अगदी बारीक पिल्लं) घेतले, टाकले आणि फेब्रुवारीत बघतो तर बरेचसे गायब, जे उरले ते तळहाताएवढे, आणि बागेला पाणी द्यायचं म्हणून तळं खाली करावंच लागलं.

त्यामुळे बारीक बीज अजिबात घेऊ नका, बोटुकलीच घ्या, चांगली बोटाएवढी. महाग पडते पण जगते, आणि जुलै-ऑगस्टला टाकली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत अर्धा-पाऊण किलोचा मासा होतो, म्हणजे पाणी आटायच्या आत विकून मोकळं. 30 बाय 30 मीटर म्हणजे 9 गुंठ्यांच्या आसपास, त्यात 500-600 पुरे. लोक 2-3 हजार टाकतात आणि मग मासा वाढत नाही म्हणून रडतात. कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं, म्हणून तिन्ही मिसळून टाकायचे. पण तळ्याला कागद (प्लास्टिकचं अस्तर) असेल तर मातीच्या तळ्यासारखं शेवाळ-किडे आपोआप तयार होत नाहीत, मग शेणाचं पोतं बांधून पाण्यात सोडायचं आणि शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा निम्मा निम्मा, माशांच्या वजनाच्या 2-3 टक्के रोज. थाई मांगूर मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी नको, त्यावर बंदी आहे.

सगळ्यात जास्त नुकसान पहाटे होतं हे लक्षात ठेवा. रात्री शेवाळसुद्धा पाण्यातला ऑक्सिजन वापरतं, त्यात दोन दिवस आभाळ असेल तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत राहतात. माझे एका सकाळी 40 मेले, मी 8 वाजता गेलो होतो, 5 ला गेलो असतो तर वाचले असते. असं दिसलं की त्या दिवशी खाद्य बंद आणि मोटर लावून तेच पाणी फवाऱ्यासारखं परत तळ्यात सोडायचं. वर पाणकावळ्यांसाठी दोऱ्या ताणा.

विकताना सगळे एकदम व्यापाऱ्याला देऊ नका, बुधवार-रविवार जिवंत मासा बांधावरच विका, गावातली माणसं चांगला भाव देतात. सबसिडी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत आहे, सर्वसाधारणला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60, तालुक्याला नाही तर जिल्ह्याच्या मत्स्य विभागात विचारा.

आणि काढणीला जाळ्याला शिशाचं वजन नको, कागद फाटतो. चारही बाजूंना गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब आजच बांधा, मासे टाकायच्या आधी. ओल्या कागदावरून पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही, आमच्या शेजारच्या गावात असं झालंय.