मे महिन्यात टिकेल असा लॅपटॉप

प्रश्न : नमस्कार दादा, मी नागपूरला मनीषनगरात राहते, घरूनच अकाउंट्सची कामं करते. टॅली, जीएसटीचे रिटर्न, थोडं टीडीएस, दहा-बारा दुकानदारांचे हिशोब आहेत माझ्याकडे. लॅपटॉप जुना आहे, आय३ सातवी जनरेशन, ४ जीबी रॅम, आणि मागच्या उन्हाळ्यात दुपारी दोन-तीनच्या सुमारास आपोआप बंद पडायचा, तेही नेमकं रिटर्नची तारीख जवळ आली की. आता नवीन घ्यायचाय, बजेट ५० हजार, ओढूनताणून ५५. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दोन दुकानं फिरले, एकानी आय५ दाखवला, दुसऱ्यानी रायझन ५, दोघंही म्हणतात आमचाच चांगला, आणि घरचे म्हणतात ऑनलाइन सेलची वाट पाहा. मला दिसायला भारी नको, पाच वर्षं विनातक्रार चालला पाहिजे. काय घेऊ?
(वाचक, मनीषनगर)

उत्तर : ताई, आय५ की रायझन, म्हणजे प्रोसेसरचं (लॅपटॉपच्या मेंदूचं), ते नंतर बघू. दुपारी दोन-तीनला बंद पडायचा असं तुम्ही लिहिलंय ना, आधी त्यावरच बोलू, कारण नागपुरात लॅपटॉप निवडताना पहिला प्रश्न हाच असला पाहिजे की हा मे महिन्यात माझ्या घरात कसा चालेल, दुकानातल्या एसीत तर सगळेच छान चालतात. बहुतेक कंपन्या माहितीपत्रकात लॅपटॉप वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंतच देतात, म्हणजे खोलीचं तापमान हं, मशीनच्या आतलं नाही. आपल्याकडे नवतपात (मेअखेरच्या सर्वात तापलेल्या नऊ दिवसांत) बाहेरचा पारा ४५ च्या वर जातो, आणि डोक्यावर स्लॅब तापलेला असला की कूलर बंद केल्यावर खोली ३५ ला राहणं शक्यच नाही. प्रोसेसर आत शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तेव्हा आपल्याला वाटतं टॅली हँग होऊन राहिलं, आणि तरीही गरमी हटली नाही तर जळू नये म्हणून सरळ बंद होतो. त्यात जुन्या मशीनच्या पंख्यात धूळ बसलेली असते आणि प्रोसेसरवरची गरमी ओढून घेणारी पेस्ट वाळलेली असते, मग गरम हवा बाहेर निघायला वाटच राहत नाही.

जुना लॅपटॉप फेकू नका. पंखा साफ करून, नवी पेस्ट लावून आणि हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (डेटा साठवायची वेगवान चिप) टाकून घेतली की तो जुन्या वर्षांचा डेटा बघायला, पोरांना अभ्यासाला चालून जाईल. पण क्लायंटचं काम त्याच्यावर आता करू नका, हे मी जरा जोर देऊन सांगतोय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, आणि तुमच्या सातव्या जनरेशनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, इंटेलमध्ये साधारण आठव्या जनरेशनपासून पुढे लागते. तुमच्याकडे लोकांचे पॅन नंबर, बँकेचे तपशील, पासवर्ड असतात. ते सगळं अपडेट बंद झालेल्या मशीनवर ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशाशी खेळ आहे.

आता नवीन. तुमचं काम आकड्यांचं, त्यामुळे बाजूला वेगळं नंबरपॅड असलेला कीबोर्ड पाहिजेच, म्हणजे १५.६ किंवा १६ इंची स्क्रीन आली. १४ इंची हलके असतात, दिसायला सुबक असतात, पण त्यांच्यात नंबरपॅड बहुधा नसतोच, आणि दिवसभर वरच्या ओळीतून आकडे टाइप करून तुमचे हात दुखतील. तसंही लॅपटॉप घेऊन रोज फिरायचं नाहीये तुम्हाला. मोठ्या बॉडीत पंख्याला आणि जाळीला जागा जास्त मिळते, आपल्या गरमीत तो फायदाच आहे.

प्रोसेसरचं नाव ऐकून भुलू नका. आय५ म्हटलं म्हणजे झालं असं नसतं, नंबरच्या शेवटी अक्षर कोणतं आहे ते बघायचं. यू असेल तर तो कमी वीज खाणारा, कमी तापणारा, एच असेल तर जास्त ताकदीचा पण तापटही जास्त. तुमच्या कामाला यू भरपूर झाला, गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं नसेल तर पन्नास हजारात एच घेऊन फक्त पंख्याचा आवाज विकत घ्याल. इंटेलमध्ये बाराव्या-तेराव्या जनरेशनचा आय५, म्हणजे १२३५यू, १३३५यू असे नंबर, व्यवस्थित आहेत. आता 'कोअर ५ १२०यू' असं नवीन नाव दिसतं, ते त्याच घराण्यातलं आहे, फरक थोडाच, त्यामुळे नुसत्या नव्या नावासाठी पाच-सात हजार जास्त मागत असेल तर देऊ नका. रायझनमध्ये जास्त सावध राहा. ७००० सिरीज म्हणून दाखवतात पण त्या चार आकड्यांतला तिसरा आकडा सांगतो की आतली रचना किती जुनी आहे. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, ती मुळात २०१९ ची रचना. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३, त्याच्याहून खूपच चांगला. दोन्हीवर स्टिकर रायझन ५ चंच असतं! तुम्हाला दुकानदारानी दाखवलेला कोणता आहे तो नंबर विचारून घ्या, ७५२०यू असेल तर नको म्हणा, शिवाय त्याच्यात रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही.

रॅमवरच सगळ्यात जास्त लोक फसून राहिलेत, म्हणून इथे थांबतो. तुम्हाला १६ जीबी लागेल. टॅलीला एवढी लागत नाही, पण ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टल, बँक, मेल, वर एक्सेलच्या चार मोठ्या फाइल आणि एखादी व्हिडिओ मीटिंग, एवढं उघडलं की ८ जीबी तोंडापर्यंत भरते. २०२५ च्या शेवटी जगभर रॅमचे भाव चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरवाल्यांकडून मागणी प्रचंड आहे, त्यामुळे १६ वाला बजेटबाहेर जात असेल तर ८ वाला घ्या पण रिकामा स्लॉट असलेला. दुकानदाराला सरळ विचारा, रॅम सोल्डर आहे का, स्लॉट किती, त्यातला रिकामा किती. त्याला सांगता आलं नाही तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बघा, तिथे लिहिलेलं असतं. एसएसडी ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची), यात तडजोड नको. ईएमएमसी (स्वस्त, हळू साठवण) लिहिलेलं दिसलं तर तो लॅपटॉप खाली ठेवून द्या.

आता मॉडेल. शोरूमच्या दर्शनी टेबलावर आयडियापॅड, व्हिवोबुक, इन्स्पिरॉन, ॲस्पायर असे घरगुती मॉडेल मांडलेले असतात, वाईट नाहीत ते. पण तुम्हाला पाच वर्षं काढायचीत तर ऑफिससाठी बनवलेल्या लाइनी मागून बघा, एचपीची २५० सिरीज किंवा प्रोबुक, लेनोवोची थिंकबुक किंवा थिंकपॅड ई१६, डेलची लॅटिट्यूड ३००० (डेलनी २०२५ पासून नावं बदलून डेल प्रो केली). यातले काही तुमच्या बजेटच्या वर जातील, एचपी २५० आणि थिंकबुकचे साधे मॉडेल बसायला हरकत नाही. दिसायला काळे-करडे, साधे, पण स्क्रू काढून उघडायला सोपे. दुकानात झाकण एका हातानी उघडून बघा, बिजागरी कुरकुरते का, स्क्रीन डुगडुगते का. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेले असतात आणि दोन-तीन वर्षांत ते प्लॅस्टिकच फाटतं, मग अख्खी बॉडी बदला. यूएसबीचे जुने चौकोनी पोर्ट निदान दोन पाहिजेत, डिजिटल सिग्नेचरचा टोकन आणि प्रिंटर एकाच वेळी लावायला. स्क्रीन आयपीएस प्रकारची बघा, टीएन प्रकारचा स्वस्त पॅनल बाजूनी फिकट दिसतो आणि दिवसभर आकडे वाचून डोळे दुखतात.

ऑफिसच्या मॉडेलमध्ये एक खाच आहे. बरेचसे 'डॉस' म्हणून विकतात, म्हणजे विंडोज त्याच्यात नाहीच. किंमत चार-पाच हजारांनी कमी दिसते, दुकानदार म्हणतो विंडोज टाकून देतो मॅडम, आणि टाकून देतो ते चोरीचं. तुम्ही लोकांचे कर भरणारं मशीन चालवता, त्यात कुठून आणलेलं, कोणी काय घुसवलेलं विंडोज नकोच. बिलावर विंडोज ११ लिहिलेलं पाहिजे.

ऑनलाइन की बर्डी, याला माझं उत्तर असं की भाव ऑनलाइनचा बघा आणि मग दुकानात जाऊन बोला, दोन-तीन हजारांचा फरक असेल तर दुकानातून घ्या, पक्कं जीएसटी बिल घ्या. तुमचा स्वतःचा जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर टाकायला सांगा, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, हे तुम्हाला मी काय सांगू! पैसे देण्याआधी दोन गोष्टी. कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे का, आणि वॉरंटी ऑनसाइट आहे की मशीन घेऊन जावं लागेल. ऑनसाइट म्हणजे माणूस तुमच्या घरी येतो, घरून काम करणाऱ्याला हे फार मोलाचं आहे. घेतल्याच दिवशी सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू दिसते ते बघा, स्टॉकमध्ये पडून असलेल्या पीसची वॉरंटी कधी कधी आधीच सुरू झालेली दिसते, बिल दाखवून तारीख दुरुस्त करून घेता येते पण ते तेव्हाच करायचं. तीन वर्षांपर्यंत वाढवता येत असेल तर, ५५ मधले चार हजार मी जास्तीच्या प्रोसेसरवर न घालता त्यावर घालीन.

आणि घरी आणल्यावर, बॅटरी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये नाहीतर बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) असते, ती चालू करा. गरमी आणि त्यात कायम शंभर टक्के चार्ज, या दोन्हीनी बॅटरी लवकर म्हातारी होते. कूलरच्या थेट समोर टेबल नको, टाकी भरल्या भरल्या हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब उडतात, कूलर खोलीला गार करेल एवढं पुरे, जरा बाजूला बसा. गादीवर, उशीवर ठेवून काम अजिबात नाही, हवा खालूनच आत ओढली जाते. लॅपटॉपला हात लावल्यावर झणझण होत असेल तर घराचं अर्थिंग तपासून घ्या. वीज गेली तर लॅपटॉप चालेल पण वायफाय बंद पडेल, त्यासाठी राउटरला छोटा यूपीएस मिळतो, दीड-दोन हजारात काम होऊन जातं.

प्रश्न : भाऊ, नागपूरच्या मिहानमध्ये (उद्योग-आयटीच्या वसाहतीत) नोकरी आहे, कंपनीचा लॅपटॉप आहे, दोन दिवस घरून काम असते. फार तापते. कूलिंग पॅड घेऊ का?
(वाचक, बेसा)

उत्तर : घेऊ शकता, थोडा फरक पडतो, पण त्याआधी लॅपटॉपची मागची बाजू इंचभर उचलून बघा, स्टँडवर किंवा दोन जाड पुस्तकांवर, खालची जाळी मोकळी राहील अशी. त्यानीच बरंचसं काम होते. आतली धूळ साफ करायची असेल तर कंपनीच्या आयटीवाल्यांना सांगा, स्वतः उघडू नका. आणि ऑफिसमधून निघताना गाडीच्या डिक्कीत लॅपटॉप ठेवून मधे कुठे सिनेमा-बाजार करत बसू नका भाऊ, उन्हात उभ्या गाडीची डिक्की भट्टी असते, ट्रॅकपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट बसेना तर समजा बॅटरी फुगली, त्या दिवसापासून चार्जिंग बंद आणि मशीन आयटीकडे.

प्रश्न : सर, काटोलला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. २० ते २५ हजारच आहेत. एक जण थिंकपॅड टी४८० रिफर्बिश्ड (जुना, दुरुस्त केलेला) देऊन राहिला, सहा महिने वॉरंटी म्हणतो. घ्यायचा का?
(वाचक, काटोल)

उत्तर : या पैशात नवीन घेतला तर सेलेरॉनसारखा कमजोर प्रोसेसर पदरात पडतो, त्यापेक्षा तपासून घेतलेला जुना ऑफिसवाला केव्हाही बरा. टी४८० हा २०१८ चा, दणकट आहे, दोन रॅम स्लॉट आहेत, पार्ट मिळतात. फक्त आतला प्रोसेसर बघा, आठव्या जनरेशनचाच पाहिजे म्हणजे आय५ ८२५०यू किंवा ८३५०यू, कारण याच मॉडेलचे काही पीस सातव्या जनरेशनवरही आले होते आणि त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृत चालत नाही.

समोर बसून तपासा. बंद करून चालू करताना बायोसमध्ये जा, पासवर्ड मागितला तर सोडून द्या, तो कंपनीचा लॉक असतो, मागाहून कोणी काढून देत नाही. विंडोज पहिल्यापासून सेटअप करायला लावा आणि इंटरनेट जोडा, एखाद्या कंपनीचं नाव येऊन त्यांचा लॉगिन मागत असेल तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे. बॅटरीसाठी विंडोजचाच रिपोर्ट निघतो, कमांड विंडोमध्ये powercfg /batteryreport ही कमांड द्यायची, त्यात बॅटरी मुळात किती क्षमतेची होती आणि आता पूर्ण चार्ज केल्यावर किती धरते हे दोन्ही आकडे दिसतात. टी४८० मध्ये बॅटऱ्या दोन असतात, एक आत, एक बाहेरून काढता येणारी, दोन्हीचे बघा. निम्म्याच्या खाली असतील तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करा. पंधरा-वीस मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा, सगळे पोर्ट पेनड्राइव्ह लावून बघा, कीबोर्डच्या सगळ्या कळा दाबा, मराठी टायपिंग तुमचं रोजचं असणार.

सहा महिने वॉरंटी तोंडी नको, बिलावर सिरियल नंबरसकट लिहून घ्या आणि बिघडला तर काटोलला दुरुस्त करून देणार की तुम्ही नागपूरला आणायचा, तेही त्यातच लिहायला लावा. फॉर्मची शेवटची तारीख असते तेव्हा तुमच्याकडे रांग लागते, म्हणून जमलं तर दोन-तीन हजार राखून ठेवा, एक जास्तीची एसएसडी घेऊन सगळ्या डेटाची कॉपी तिच्यावर दर शनिवारी काढत जा.