नाशिकला वाइन टेस्टिंगला जातोय. वाइन चांगली की सुमार, हे नवख्याने कसं ओळखायचं?

घोट गिळल्यावर चव तोंडात किती वेळ रेंगाळते आणि आंबटपणा, गोडवा, तुरटपणा यांपैकी एकच काही वरचढ होतंय का, एवढं पाहा. दर्जा त्यातच कळतो. टेस्टिंग रूममध्ये काम करतो, पाहुण्यांना रोज हेच सांगतो. आधी ग्लास दांड्याला धरून हलकेच फिरवा आणि नाक आत घालून वास घ्या, कारण चवीचा मोठा भाग वासातूनच येतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचाचा दोष. व्हिनेगरसारखा झोंबला तर वाइन बिघडलेली. दोन्ही वेळा बिनधास्त दुसरी बाटली उघडायला सांगा. मग छोटा घोट तोंडभर घोळवा. शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनने जिभेच्या कडांना पाणी सुटायला हवं. शिराझ या लाल वाइनचा तुरटपणा हिरड्यांवर जाणवतो, तो असावाच, पण बाकीची चव झाकणारा नको. फक्त तापमान सांभाळा: पांढरी साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस, लाल १६ ते १८. फार थंड वाइनचा वास दबतो, आणि आपल्या उन्हाळ्यात खोलीत ठेवलेली लाल वाइन नुसती अल्कोहोलची लागते.