वाचकांचे प्रश्न : चार हातांपैकी एक

प्रश्न : १८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याच्या प्रश्नावर सुरक्षा परिषदेत मतदान झाले, तेव्हा श्रीलंकेने भारताची बाजू घेतली, ती केवळ शेजारधर्म म्हणून का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : केवळ शेजारधर्म म्हणता येणार नाही. भारताने युद्धबंदी करून सैन्य मागे घ्यावे, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला होता. त्याच्या बाजूने सात हात वर झाले आणि विरोधात चार : सोव्हिएत संघ, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त), लायबेरिया आणि सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. ठराव पडला तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे, हे खरेच. पण सिलोनने लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांच्यासह पोर्तुगालची तक्रार फेटाळणारा वेगळा ठरावही मांडला. तो चार विरुद्ध सात असा हरला. वसाहत ही मुळातच बेकायदा असते, ही त्यामागची भूमिका. आणि ज्या बेटाने १६५८ पर्यंत पोर्तुगीज अंमल सोसला, त्याला ती कोणी शिकवायची गरज नव्हती. (आपल्याकडे मुक्तिदिनाच्या भाषणांत या मताचा उल्लेख क्वचितच होतो.)

मात्र त्याला आंधळी मैत्री समजू नये. वर्षभरातच, डिसेंबर १९६२ मध्ये, सिलोनच्या पंतप्रधान सिरिमाओ बंदरनायके यांनी भारत-चीन युद्धानंतर तोडग्यासाठी कोलंबोत सहा राष्ट्रांची परिषद बोलावली, तेव्हा चीनला आक्रमक ठरवण्याचे त्या परिषदेने टाळले आणि दिल्लीला ते बोचले.