उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात राहणारे इनुइट लोक फक्त मांस खाऊन निरोगी राहतात, मग आपण पोळी-भात सोडून तसंच खाल्लं तर चालेल का?

हाच प्रश्न आमचा दादा तीन वर्षं मला विचारतोय. खरं तर विचारत नाही, ऐकवतो. म्हणून लिहायला बसले.

कॅनडाच्या नुनावुतमध्ये, इकालुइट गावात, मी दोन वर्षं हिशेबाच्या नोकरीवर होते. शेजारच्या इनुइट आजींनी पहिल्याच हिवाळ्यात जेवायला बोलावलं. स्वयंपाकघरात जमिनीवर पुठ्ठा अंथरला होता. त्यावर गोठलेला आर्क्टिक चार मासा, सीलचं मांस, सीलची कलेजी आणि उत्तरेकडच्या नातेवाइकांनी धाडलेलं मक्ताक, म्हणजे नारव्हेल या देवमाशाची चरबीसकट कातडी. सगळं कच्चं. आजी उलूने, त्यांच्या अर्धगोल सुरीने, तुकडे करत होत्या आणि पोरंबाळं भोवती बसून खात होती. आमच्याकडे मटण रविवारी आणि तेही गळेपर्यंत शिजवून, त्यामुळे पहिला घास हातातच राहिला. मग खाल्ला. मक्ताक चिवट, पण चव कोवळ्या खोबऱ्याच्या जवळची. सील खाल्लं की अंगात ऊब राहते, दुकानातल्या खाण्याने नाही, असं आजी म्हणाल्या. त्या रात्री बाहेर पडताना मला ते पटलं.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. वहिनींनी लिहिलं, 'काय रानटी लोक.' दादाने लिहिलं, 'बघा, हे मांसावरच जगतात,' आणि महिन्याभरात भाकरी सोडून तो ब्रॉयलर चिकनवर आला. पुठ्ठ्यावर नेमकं काय होतं, हे दोघांनीही विचारलं नाही. ते मला आजही लागतं.

१०० ग्रॅम कच्च्या मक्ताकमध्ये सुमारे ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. युरोपचे खलाशी त्याच बर्फात स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने मेले, इनुइट तगले, ते यामुळे. शिजवलं की ते बरंचसं जातं. म्हणजे 'मांस' हा शब्दच अपुरा आहे. कातडी, कलेजी, चरबी, कच्चेपणा, शिवाय उन्हाळ्यात बोरांसारखी रानफळं आणि समुद्री शेवाळ, हे सगळं मिळून तो आहार होतो. चरबी तर हवीच. १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात स्टेफान्सन या संशोधकाने देखरेखीखाली मांसाहाराचा प्रयोग केला. नुसतं बिनचरबीचं मांस दिल्यावर दोन-तीन दिवसांत तो आजारी पडला, चरबी दिल्यावर सावरला. दादा कातडी काढून छातीचे तुकडे खातो!

किटोसिसचं, म्हणजे पोळी-भात सोडल्यावर शरीर चरबीपासून किटोन नावाचं इंधन बनवून त्यावर चालतं त्याचं म्हणाल, तर बहुतेक इनुइटांमध्ये सीपीटी१ए या जनुकाचं असं रूप सापडतं की त्यांच्या शरीरात किटोन कमीच बनतात. ग्रीनलंडच्या इनुइटांमध्ये चरबी हाताळणारी जनुकंही बदललेली आहेत, हे २०१५ साली दिसलं. हजारो वर्षांत घडलेलं ते शरीर आहे. आपलं नाही.

आणि हृदय? बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी १९७०च्या दशकात ग्रीनलंडमधल्या उमानाक भागातल्या लोकांचं रक्त तपासलं आणि ओमेगा-३ या माशांतल्या चरबीची हृदयाला चांगली म्हणून कीर्ती जगभर झाली. पण तिथे हृदयरोग खरंच कमी आहे का, हे त्यांनी स्वतः मोजलं नव्हतं. २०१४ साली जुनी आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा हृदयरोग इतरांइतकाच निघाला आणि पक्षाघाताचे मृत्यू जास्त.

तेव्हा माझं उत्तर: नाही, चालणार नाही. ताजा बांगडा, तारली, कलेजी जरूर खा, पण भाकरी-पालेभाजीसोबत.

मी डॉक्टर नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडचं मांस कच्चं खाऊ नका. नारव्हेल आणि बेलुगा या देवमाशांमध्ये आता पारा साठतो, तो दक्षिणेकडच्या कारखान्यांतून तिथवर पोचलेला. त्यात त्या लोकांचा दोष नाही. साखर आणि शीतपेयं आल्यावर तिथे मधुमेह वाढला, आजी दुकानाच्या खाण्यावर रागवायच्या ते उगाच नाही.

वहिनी, त्या आजींनी मला स्वतःच्या वाट्याची कलेजी दिली होती. आणि दादा, युरिक ॲसिडचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवलास का, एवढं आधी कळव.