दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या डच पूर्वजांचे कागद घरात सापडलेत. जपायचे कसे, वाचायचे कसे आणि खरं-खोटं ताडून कसं पाहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नीच्या माहेरी, दक्षिण आफ्रिकेत स्टेलेनबॉशजवळ, एका पेटाऱ्यात डच भाषेतले साठ-सत्तर कागद निघालेत. सोबत एक जाड बायबल आहे, शेताच्या मालकीचा म्हणून सांगितला जाणारा एक दस्त आहे आणि कुणा काकांनी टाइप करून ठेवलेली वंशावळ आहे. काही कागद 1800 च्या आधीचे असावेत. कुणीतरी ते लॅमिनेट करायला सांगितलंय.

आधी तेवढं थांबवा. लॅमिनेशन अजिबात नको. त्या काळची शाई मायफळ आणि हिराकस यांची असते. तिच्यातलं आम्ल कागदाला आतून खात राहतं. अक्षरांभोवती तपकिरी कड दिसते का बघा. काही ठिकाणी तर अक्षराच्या आकाराचं भोकच पडलेलं असतं. असा कागद तापवून प्लास्टिकमध्ये बंद केला की आम्ल आतच राहतं, आणि पुढे कुणाला दुरुस्ती करायची झाली तरी प्लास्टिक सुटत नाही. सेलोटेप, स्टेपल, रबरबँड हेही नको. दमट हवेत ही शाई जास्त खाते आणि केपमध्ये पावसाळा थंडीतच येतो, त्यामुळे बाहेरच्या भिंतीला लागून पेटारा ठेवू नका. आम्लरहित कागदाचे फोल्डर, पुठ्ठ्याची पेटी आणि 50 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असलेली आतली खोली पुरते. हातमोजे घालू नका. मोज्यांनी बोटांना कागदाची कड कळत नाही आणि तो फाटतो. हात धुऊन पूर्ण कोरडे केले की झालं. घडीवर कडक झालेला कागद जबरदस्तीने उलगडायचा नाही, तो तसाच बाजूला ठेवून जाणकाराला दाखवायचा.

कागद तारखेनुसार लावायचा मोह होईल, पण आधी ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फोटो घ्या. दोऱ्याने एकत्र बांधलेले पाच कागद एकत्र का बांधले होते, हीसुद्धा माहिती असते आणि गठ्ठा मोडला की ती कायमची जाते. मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात क्रमांक टाका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागची बाजू कोरी वाटली तरी घ्या, कारण घडी घातल्यावर बाहेर येणाऱ्या भागावर कागदाचा विषय एका ओळीत लिहिलेला असतो आणि अनेकदा तीच सगळ्यात वाचनीय ओळ निघते. अक्षर फिकं असेल तर एका बाजूने तिरपा उजेड टाकून आणखी एक फोटो.

आता वाचन. घरात आफ्रिकान्स, म्हणजे डचमधूनच घडलेली भाषा, बोलणारी माणसं आहेत, तरी कुणालाच का वाचता येत नाही, असं तुम्ही विचारलंय. मराठी माणसाला हे समजायला सोपं आहे: मराठी येते म्हणून मोडी वाचता येत नाही. इथेही भाषा अर्धी ओळखीची आणि लिपीचं वळण अनोळखी. लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, ‘एच’ची शेपटी ओळीखाली जाते, ‘यू’ आणि ‘एन’ सारखेच दिसतात म्हणून ‘यू’वर छोटी कमान काढलेली असते. सुरुवात तारखेपासून आणि माहीत असलेल्या नावांपासून करा. त्या नावांतली अक्षरं कापून स्वतःचा तक्ता बनवा. प्रत्येक लेखनिकाचं वळण वेगळं असतं, त्यामुळे तक्ताही प्रत्येकाचा वेगळा. ट्रान्सक्रिबस या संगणक प्रणालीत 17व्या-18व्या शतकातल्या डच हस्ताक्षरांसाठी तयार मॉडेलं आहेत. सलग मजकूर ती बऱ्यापैकी वाचते, माणसांच्या आणि शेतांच्या नावांवर मात्र अडखळते. म्हणजे तुम्हाला जे हवंय नेमकं तिथेच. नावं डोळ्यांनीच वाचा.

तारखेतली सर्वात नेहमीची चूक सांगतो. 7 चा आकडा आणि पुढे ‘बर’ असं लिहिलेलं दिसलं की लोक जुलै धरतात. तो सप्टेंबर. तसंच 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. पत्रात तारखेपुढे ‘पासाटो’ असेल तर गेला महिना, ‘डेझर’ असेल तर चालू महिना.

यापुढचं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पेटाऱ्यातला कागद म्हणजे जोडीतला एक. दुसरा सरकारी दप्तरात पडलाय. तो शोधायला आडनावापेक्षा मृत्यू उपयोगी पडतो. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात माणूस गेला आणि मागे अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, वारस असले की ‘वेसकामर’ म्हणजे अनाथांच्या मिळकतीचं मंडळ घरी येऊन यादी करायचं. सज्ञान होण्याचं वय 25 होतं, त्यामुळे अज्ञान वारस बहुतेक घरांत असायचेच. अशा मृत्युपश्चात मिळकतीला ‘बूडल’ म्हणतात. केपमधल्या या याद्या 1673 पासूनच्या आहेत आणि केप टाउनच्या रोलंड स्ट्रीटवरच्या अभिलेखागारात एम.ओ.ओ.सी. 8 या मालिकेत ठेवल्यात. मृत्युपत्रं 7 मध्ये, घरच्या लिलावाच्या नोंदी 10 मध्ये, वाटपाचे हिशेब 13 मध्ये. 1834 पासून मंडळाचं काम ‘मास्टर’ या अधिकाऱ्याकडे गेलं, तेव्हापासूनच्या मृत्यू-सूचना 6/9 मध्ये मिळतात. त्यांत आई-वडिलांची नावं, जन्मगाव, वय, मुलं असं सगळं असतं. पण ती माहिती सांगणारा शेजारी होता की मुलगा, ते खालच्या सहीवरून बघा, कारण शेजाऱ्याने सांगितलेली सासू-सासऱ्यांची नावं हमखास चुकतात.

यादी कशी दिसते ते सांगतो. पहिल्या ओळीत ‘वेइलेन’ हा शब्द शोधा, म्हणजे आपलं ‘कैलासवासी’. त्यापुढे मयताचं नाव, मग मागे राहिलेला नवरा किंवा बायको, मग मुलं वयानुसार. लग्न झालेल्या मुलींची नावं नवऱ्यासकट. वंशावळीसाठी हा भाग सोन्यासारखा. त्यानंतर कारकून घरातून फिरतो: ‘फोरहाउस’ म्हणजे पुढची खोली, उजव्या हाताची खोली, डाव्या हाताची खोली, ‘कोम्बाउस’ म्हणजे स्वयंपाकघर, माळा, तळघर. प्रत्येक खोलीत काय काय आहे ते ओळीने. पलंगासाठी ‘काटेल’ हा शब्द येतो, तो तमिळ ‘कट्टिल’वरून आलेला. ‘सिट्स’ म्हणजे आपलं चीट, हिंदुस्थानातून गेलेलं छापील कापड. शेवटी ‘एक ढीग रोमेलिंग’ असं येतं, म्हणजे किरकोळ अडगळ. खोल्यांचा क्रम वाचत गेलात तर घराचा नकाशा कागदावर काढता येतो. आजही उभ्या असलेल्या वाड्याशी तो जुळवून बघा, वास्तू कोणत्या पिढीत वाढवली ते कळतं.

नवरा-बायकोची मिळकत सामाईक असायची. त्यामुळे यादी दोघांपैकी जो आधी गेला त्याच्या मृत्यूनंतर होते. पुरुषाच्या नावाने काही सापडत नसेल तर त्याच्या पहिल्या बायकोच्या नावाने बघा. बायका कागदोपत्री माहेरच्या नावाने असतात. विधुराला दुसरं लग्न करण्याआधी पहिल्या मुलांच्या वाट्याची हमी लिहून द्यावी लागे, तो कागद ‘किंडरबेवेइस’. असा कागद तुमच्या पेटाऱ्यात असेल तर दुसरं लग्न त्याच सुमाराचं समजा. यादी मुळीच मिळाली नाही तर मृत्युपत्र वाचा. मंडळाने आमच्या मिळकतीत हात घालू नये, असं कलम पुष्कळ जण टाकत. मग त्या मिळकतीची यादी मंडळाकडे सापडत नाही. स्टेलेनबॉश जिल्ह्याच्या दप्तरातही, म्हणजे 1/एस.टी.बी. मालिकेत, अशा याद्या आहेत. तुमचं घराणं तिथलंच असल्याने हे विसरू नका. शोधसूची ऑनलाइन आहे, तिचं नाव नारस, त्यात के.ए.बी. हा केप टाउनच्या अभिलेखागाराचा विभाग निवडा. सापडलेल्या नोंदीतला मालिका, खंड आणि संदर्भ क्रमांक तिन्ही उतरवून घ्या, एक चुकला तरी भलताच खंड हातात येतो.

नावांचा घोळ. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाने, दुसरा आईच्या वडिलांच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या, दुसरी वडिलांच्या आईच्या. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच, फक्त इथे काटेकोर. परिणाम असा की चार भावांच्या चारही थोरल्या मुलांचं नाव एकच, आणि वयात दोन-चार वर्षांचा फरक. काकांच्या टाइप केलेल्या वंशावळीत चूक असेल तर ती बहुधा इथेच: एका चुलतभावाचं लग्न दुसऱ्याच्या नावावर चढलेलं. ताडायचं असेल तर बाप्तिस्म्याचे साक्षीदार बघा. ते सहसा ज्याचं नाव ठेवलं ते आजी-आजोबा किंवा आत्या-मामा असतात. लांबच्या शेतांवरची मुलं चर्चपर्यंत यायला वर्ष-दोन वर्षं लागत, म्हणून बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख धरू नका. फ्रेंच ह्युगेनॉट, म्हणजे फ्रान्समधून आलेलं प्रोटेस्टंट, घराणं असेल तर आडनावच बदललेलं असतं: व्हिलिओनचं फिल्यून, नूर्तिएचं नॉर्त्ये, ल क्लेर्कचं द क्लर्क. सगळी रूपं टाकून शोधा.

वंशावळीत बी3 सी2 डी1 असे आकडे असतील तर ती द व्हिलिअर्स-पामा पद्धत. मूळ पुरुष ए, त्याची मुलं बी, नातवंडं सी. म्हणजे हा मूळ पुरुषाच्या तिसऱ्या अपत्याच्या दुसऱ्या अपत्याचं पहिलं अपत्य. नवं मूल सापडलं तर जुने आकडे बदलू नका, छापील वंशावळींशी मेळ तुटतो.

बायबलमधल्या नोंदी घरचे वेदवाक्य मानतात. आधी मुखपृष्ठाच्या आतलं छपाईचं साल बघा. पहिली जन्मनोंद त्याच्या आधीची असेल तर ती नंतर कुठून तरी उतरवलेली. सात मुलांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणात असतील तर त्या एका बैठकीत आठवून लिहिल्या आहेत. प्रत्येक नोंदीत शाई आणि हात वेगळा असेल तर मात्र भरवसा ठेवा.

शेताचा दस्त. 1800 च्या आधीचा आणि सीमाभागातला असेल तर तो मालकीचा नसण्याचीच शक्यता जास्त. कंपनी ‘लेनिंगप्लाट्स’ म्हणजे चराईसाठी उसनी जागा द्यायची. वर्षाचे 12 रिक्सडॉलर, 1732 पासून 24. जागा साधारण 3000 मॉर्गन, म्हणजे अडीच हजार हेक्टरांवर. विकता यायचं ते फक्त ‘ओपस्टाल’, म्हणजे वरचं बांधकाम. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, तीच गत. रकमा वाचताना एक सांभाळा: रिक्सडॉलर 48 स्टायव्हरचा, पण केपच्या हिशेबातला गिल्डर 16 स्टायव्हरचा आणि हॉलंडमधला 20 चा. कुठला हे न बघता बेरीज केली की हिशेब जुळत नाही.

आणि एक गोष्ट, जी घरच्या वंशावळीत बहुधा नसेल. मिळकतीच्या यादीत गुरांच्या आधी किंवा नंतर माणसांची नावं येतील: कुणी ‘व्हान बेंगालेन’ म्हणजे बंगालची, कुणी ‘व्हान मालाबार’, कुणी ‘व्हान द कुस्त’ म्हणजे कोरोमंडलची. हे गुलाम. त्यांपैकी पुष्कळ आपल्याच उपखंडातून नेलेले. गावाचं नाव हे जन्मगाव असेलच असं नाही. अनेकदा ते विकत घेतलेल्या बंदराचं असतं. ‘व्हान द काप’ म्हणजे केपमध्येच जन्मलेला. ही नावं गाळू नका, वेगळ्या वहीत वय आणि किमतीसह उतरवा. 1816 नंतरच्या गुलाम-नोंदवह्यांत ती पुढे सापडू शकतात, आणि त्यांचे वंशज आज त्याच जिल्ह्यात आपली मुळं शोधताहेत. त्यांच्याकडे पेटारा नाही, तुमच्याकडचा हा कागदच त्यांचा पुरावा. शिवाय ती तुमच्या पत्नीच्या वंशातही असू शकतात. आंगेला व्हान बेंगालेन ही केपचा पहिला डच प्रमुख यान व्हान रीबेक याच्या घरात गुलाम होती, 1666 मध्ये मुक्त झाली, 1669 मध्ये तिने आर्नोल्डस बासनशी लग्न केलं आणि आज असंख्य आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या, घराण्यांच्या मुळाशी ती आहे. मूळ कागदात एखाद्या बाईपुढे माहेरचं आडनाव नसून नुसतं ‘व्हान’ आणि गावाचं नाव असेल, तर वंशावळ टाइप करणाऱ्याने तिथे कोरी जागा सोडली आहे का, ते आधी तपासा.