जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह सेडान : आधी चार टायर वाचा

प्रश्न : सात वर्षे वापरलेली आणि सुमारे ९५,००० किलोमीटर धावलेली एक आलिशान ऑल-व्हील ड्राइव्ह सेडान मला घ्यावीशी वाटते. तिची आजची किंमत एखाद्या साध्या, छोट्या नव्या गाडीइतकी आहे. माझा रोजचा रस्ता बहुतांशी सपाट आणि डांबरी आहे. वर्षातले काही महिने मात्र तो ओला आणि निसरडा असतो, म्हणून चारही चाकांना ताकद देणारी गाडी अधिक सुरक्षित ठरेल, असे मला वाटते. विक्रेता सांगतो की गाडी उत्तम स्थितीत आहे, गिअरबॉक्सचे ऑइल कधीच बदलावे लागत नाही आणि पुढचे दोन टायर त्याने नुकतेच नवे घातले आहेत. याच मॉडेलची केवळ मागच्या चाकांवर चालणारी गाडीही मिळू शकते. मी काय पाहून निर्णय घ्यावा?

उत्तर : विक्रेत्याने जी गोष्ट गाडीचा गुण म्हणून सांगितली आहे, तिच्यापासूनच मी सुरुवात करतो, कारण आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर शंका मला तिथेच दिसते. दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीत दोनच टायर बदलणे ही नेहमीची गोष्ट आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत मात्र पुढची आणि मागची चाके यंत्रणेने एकमेकांशी जोडलेली असतात, आणि चारही टायर जवळपास सारखे झिजलेले असतील हे गृहीत धरूनच ती यंत्रणा बनवलेली असते.

थोडा हिशोब करून पाहू. टायरचा व्यास ६५० मिलिमीटर धरला, तर एक किलोमीटर जाण्यासाठी त्याला सुमारे ४९० फेरे घ्यावे लागतात. त्याच मापाच्या टायरची नक्षी ४ मिलिमीटर झिजली की व्यास ६४२ मिलिमीटर होतो आणि फेरे सुमारे ४९६ होतात. टायर रस्त्यावर दबतो, शिवाय त्याच्या आत पोलादी पट्टा असतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक यापेक्षा काहीसा कमी येतो. पण तो नाहीसा होत नाही. सरळ रस्त्यावर, कोणतेही वळण नसताना, मागची चाके पुढच्यांपेक्षा सतत थोडी अधिक फिरत राहतात आणि हा फरक मधल्या डिफरन्शियलला (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीला) किंवा ट्रान्सफर केसमधील (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीतील) क्लचला प्रत्येक किलोमीटरला सोसावा लागतो. क्लचच्या चकत्या घासतात, ऑइल तापते आणि काही हजार किलोमीटरनंतर दुरुस्तीचे जे बिल येते, त्याच्यापुढे वाचवलेल्या दोन टायरांची किंमत अगदीच किरकोळ ठरते. अशा गाड्यांसाठी टायरांच्या नक्षीतील फरक साधारणपणे २ ते ३ मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगितले जाते. नेमकी मर्यादा त्या गाडीच्या माहितीपुस्तकात पाहावी.

म्हणून गाडी पाहायला जाताना नक्षीची खोली मोजण्याचे साधे साधन बरोबर ठेवा आणि बॉनेट उघडण्याआधी खाली वाकून चारही टायर मोजा. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. मागचे दोन ६ मिलिमीटरवर असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. ते ३ मिलिमीटरवर असतील, तर ही गाडी किती दिवस अशा स्थितीत चालली, हे विचारावेच लागेल. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे आहेत का, हेही पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडीच्या मालकाने तिची कशी काळजी घेतली, हे सर्व्हिस बुकाइतकेच टायरही सांगतात. महागड्या गाडीवर चार वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर दिसले, तर जे डोळ्यांना दिसत नाही तिथेही अशीच काटकसर झाली असण्याची शक्यता मी धरतो.

आता सुरक्षिततेविषयी, कारण आपल्या निर्णयाचा पाया तोच आहे. निसरड्या चढावर गाडी हलवताना किंवा ओल्या वळणातून बाहेर पडताना वेग वाढवायचा असेल, तेव्हा ताकद चार चाकांत विभागली गेल्यामुळे एखादे चाक जागीच फिरण्याची शक्यता कमी होते. हा फायदा खरा आहे. परंतु ब्रेक प्रत्येक गाडीचे चारही चाकांवरच लागतात. गाडी थांबण्याचे अंतर टायरची पकड, रस्ता आणि वेग यांवर ठरते, इंजिनाची ताकद किती चाकांना जाते यावर नाही. वळणात गाडी किती धरून राहील, याचेही उत्तर मुख्यतः टायरमध्येच आहे. उलट, ऑल-व्हील ड्राइव्हची गाडी निसरड्या रस्त्यावर इतक्या सहज वेग घेते की रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला उशिरा कळते, आणि ब्रेक दाबल्यावर ती इतर कोणत्याही गाडीसारखीच घसरते. आपला रस्ता बहुतांशी सपाट आणि डांबरी आहे. तो केवळ पावसाने ओला होत असेल, तर मागच्या चाकांवर चालणारी गाडी, तिची चालू स्थितीतील स्थिरता-नियंत्रण यंत्रणा (घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी) आणि चार उत्तम टायर एवढे पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाटेत बर्फ, चिखल किंवा निसरडे तीव्र चढ नेहमीच लागत असतील, तर मात्र ऑल-व्हील ड्राइव्हसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे.

गाडीच्या मागे कोणते नाव लिहिले आहे, त्यावरून आत कोणती यंत्रणा आहे हे कळत नाही, एवढेही इथे सांगायला हवे. ऑडीने १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वात्रो ही ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी आणली, आणि पुढे तेच नाव वेगवेगळ्या बांधणीच्या यंत्रणांना मिळाले : इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेल्या बऱ्याच गाड्यांत मधले यांत्रिक डिफरन्शियल, तर इंजिन रुंदीच्या दिशेने बसवलेल्या गाड्यांत मागच्या आसाजवळ बसवलेला, विजेवर नियंत्रित होणारा क्लच. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्ह या ऑल-व्हील ड्राइव्ह यंत्रणेमध्ये क्लच ट्रान्सफर केसमध्ये असतो. प्रत्येक यंत्रणेचे ऑइल, ते बदलण्याची मुदत आणि बिघडण्याची रीत वेगळी असते, म्हणून आपल्याला मिळणाऱ्या नेमक्या वर्षाच्या आणि नेमक्या इंजिनाच्या गाडीत काय आहे, हे आधी समजून घ्या.

गिअरबॉक्सचे ऑइल कधीच बदलावे लागत नाही, हे विक्रेत्याचे म्हणणे मी मान्य करणार नाही. अनेक आलिशान गाड्यांत झेडएफ या कंपनीचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतात, आणि ती कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे या मर्यादेत ऑइल बदलण्याची शिफारस करते. आपण पाहत असलेली गाडी किलोमीटरच्या हिशोबाने त्या मर्यादेत आलेली आहे. शिवाय ऑल-व्हील ड्राइव्हमुळे ट्रान्सफर केस, पुढचे डिफरन्शियल आणि मागचे डिफरन्शियल, किंवा बांधणीप्रमाणे यांतील काही, यांचे ऑइल वेगळे असते. यांपैकी कशाची नोंद सर्व्हिसच्या पावत्यांत आहे, ते तारीख आणि किलोमीटरसह तपासा. पावत्या नसतील, तर ही कामे झालेलीच नाहीत असे धरून किमतीची बोलणी करा.

गाडी चालवून पाहताना इंजिन थंड असावे असा आग्रह धरा. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवला की ते आधीच सुरू करून ठेवले होते का, हे समजते. थोडे फिरून गाडी तापल्यावर एखाद्या मोकळ्या, कोरड्या आणि पक्क्या जागेत स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून अगदी हळू एक फेरी मारा, मग दुसऱ्या बाजूला तशीच फेरी मारा. गाडी अडखळत, हिसके देत किंवा चाके ओढल्यासारखी चालली, तर यंत्रणेत ताण अडकतो आहे. कारण टायर, ऑइल किंवा क्लच यांपैकी काहीही असू शकते. पूर्ण वळणात कटकट आवाज येत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या दांड्याच्या, सांध्यांकडे पाहावे लागेल, आणि या गाडीत ते पुढेही आहेत, मागेही आहेत. वेगाबरोबर वाढणारा घुमण्याचा आवाज हलक्या वळणात कमी-जास्त होत असेल, तर चाकाच्या बेअरिंगची शंका घ्या. तो आवाज वळणाने बदलत नसेल, पण ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना बदलत असेल, तर डिफरन्शियलची शंका अधिक बळकट होते. गाडीला एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, असेल, तर ती रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी एखादा कोपरा खाली बसलेला दिसतो का, हेही पाहावे.

एवढ्यावर मात्र थांबू नका. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या आणि याच बनावटीच्या गाड्या नेहमी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्या. खालून पाहिल्यावर शाफ्टच्या सांध्यांवरची फाटलेली रबरी आवरणे आणि उडालेले ग्रीस दिसते, तशीच ऑइलची गळतीही दिसते. ही गळती फार महत्त्वाची आहे, कारण काही ऑल-व्हील ड्राइव्ह बांधणींत पुढच्या चाकाचा शाफ्ट इंजिनाच्या ऑइल चेंबरमधूनच जातो. चेंबरचे गॅस्केट स्वस्त असले, तरी ते बदलण्यासाठी शाफ्ट काढावा आणि खालची चौकट उतरवावी लागते, आणि खरा खर्च त्या मजुरीचा असतो. गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरने केवळ बिघाडांचे कोड वाचून समाधान मानू नका. तो संगणक स्वतः घेत असलेल्या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, हेही दाखवतो. कोड नाहीत पण चाचण्या अपूर्ण आहेत असे दिसले, तर बॅटरी नुकतीच काढलेली असू शकते किंवा कोड नुकतेच पुसलेले असू शकतात; अशा वेळी गाडी काही दिवस चालवून पुन्हा तपासणी करण्याची अट घालावी. विक्रेता ती अट किंवा ही तपासणीच नाकारत असेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पैशांच्या बाबतीत आपली तुलना मला थोडी धोक्याची वाटते. आलिशान सेडानची किंमत काही वर्षांत झपाट्याने उतरते, पण तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची किंमत त्याबरोबर उतरत नाही. ती नव्या गाडीच्या दर्जाप्रमाणेच राहते. गाडी छोट्या गाडीच्या भावात मिळाली, तरी तिचे ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन आलिशान गाडीच्याच भावात घ्यावे लागतात, आणि रबर, प्लास्टिकच्या नळ्या व गॅस्केट ही किलोमीटरइतकीच वयानेही कडक होतात. म्हणून खरेदीच्या किमतीच्या किमान पाचव्या हिश्शाइतकी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर ही गाडी मी घेऊ देणार नाही. हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे. तो जरा कडक वाटेल, पण पैसे नसल्यामुळे दुरुस्ती पुढे ढकललेली चांगली गाडी खराब होताना पाहणे मला फार क्लेशदायक वाटते.

आपल्या जागी मी असतो, तर दोन्ही गाड्या तपासल्या असत्या आणि ज्या गाडीच्या पावत्या पूर्ण आहेत, तिला पसंती दिली असती, मग ती दोन चाकांवर चालणारी असो वा चार. तोपर्यंत विक्रेत्याला फोन करून मागच्या दोन टायरांची नक्षी किती मिलिमीटर उरली आहे, एवढेच विचारा आणि पुढचे टायर बदलताना मागचे का बदलले नाहीत, याचे त्याच्याकडे काय उत्तर आहे ते ऐका.