पोत गहाण टाकून कुत्र्यांचा दवाखाना

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नाव-गाव तुमच्या इच्छेप्रमाणे गाळते आहे. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. या ताई आर्णी तालुक्यातल्या. घरी शिवणकाम करतात, यजमानांची पाच एकर कोरडवाहू शेती, दोन मुलं शाळेत. गाडीनं उडवलेली एक कुत्री त्यांनी रस्त्यावरून घरी आणली आणि आज आवारात अकरा कुत्री आहेत, त्यात चार माद्या. आसपासच्या गावांतून "ताई, इथं कुत्रं पडलं आहे, घेऊन जा" असे फोन येतात. कोणी रात्री पिल्लं पोत्यात घालून दारात ठेवून जातं. खर्च भागेना म्हणून ताईंनी यजमानांना न सांगता काळी पोत सोनाराकडे १४,००० रुपयांत गहाण टाकली, महिना शेकडा तीन व्याजानं. बचत गटातून शिलाई मशीनच्या नावाखाली ६,००० उचलले. मेडिकलची उधारी वेगळी. सासूबाई रोज म्हणतात, "घरच्या लेकराईले दूध नाही अन् कुत्र्याईले भात शिजवते." आता भुऱ्या नावाचा कुत्रा महिन्याभरापासून मागचे पाय ओढतो आहे. खाजगी डॉक्टरांनी ऑपरेशनचे २५,००० सांगितले. ताईंचा प्रश्न असा, की गटातून आणखी कर्ज काढू का, आणि माझं काही चुकतंय का?

कर्ज काढू नका. एक रुपयाही नाही.

तुमच्या कळवळ्यात काही चुकलेलं नाही. शेंडगावच्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय हे एक सूत्र आहे. त्याच बाबांनी कर्ज काढू नका म्हणून गावोगाव कीर्तनांतून कळकळीनं सांगितलं. आपल्या वऱ्हाडात कर्जानं काय केलं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. या दोन गोष्टी एकत्रच धरायच्या आहेत, ताई. जिवाला अभय द्यायचं, पण घर गहाण टाकून नाही.

आधी पोत. शेकडा तीन म्हणजे महिन्याला ४२० रुपये, वर्षाला ५,०४०, आणि मुद्दल तसंच उभं. कुत्र्यांच्या तांदळाच्या कणीचे पैसे सोनाराच्या व्याजात चालले आहेत. सोनाराकडे सावकारीचा परवाना आहे का आणि त्यानं तुम्हाला पावती दिली आहे का, हे आजच बघा. नसेल तर मागा. नंतर यजमानांना सांगा. कापूस विकून पैसा हातात आला की सांगू, असं मनात असेल तर तसं करू नका. गावात अशी गोष्ट दोन महिने झाकून राहत नाही. तिसऱ्याच्या तोंडून कळलं तर त्यांना पैशापेक्षा लपवल्याचं जास्त लागेल, आणि त्या रागात कुत्री घराबाहेर जातील. सांगताना पूर्ण आकडा सांगा: पोत, गट, मेडिकल, सगळं. अर्धं सांगून उरलेलं पुढच्या महिन्यात निघालं तर पहिल्या अर्ध्यावरचाही विश्वास जातो.

गटाचे ६,००० मला पोतीपेक्षा जड वाटतात. पोत तुमची आहे, गटाचा पैसा दहा बायांचा आहे. तुमचा हप्ता थकला तर बँकेत गटाची पत खाली येते, आणि पुढं एखादीला बियाण्यासाठी किंवा बाळंतपणासाठी कर्ज लागलं तर तिचं अडतं. अध्यक्षीणबाईंना खरं कारण सांगा आणि हप्ता बांधून घ्या. शिवणाचे पैसे आले की पहिला हा हप्ता, मग सोनार, मग मेडिकल. हे फिटेपर्यंत नवं कुत्रं आवारात घ्यायचं नाही. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, तरी मी तेच सांगेन.

आता भुऱ्या. ऑपरेशनचा विचार करण्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट नीट तपासायला सांगा. मागच्या पायाच्या बोटाला जोरात चिमटा घेतल्यावर तो वळून बघतो का, केकाटतो का? पाय नुसता आखडून घेणं वेगळं, तो आपोआप होऊ शकतो. दुखणं डोक्यापर्यंत पोचतं का, हे बघायचं असतं. मणक्याला मार लागून महिना झाला आणि ती खोल जाणीव अजिबात नसेल, तर ऑपरेशननंतर चालण्याची आशा फार थोडी असते. मग २५,००० रुपये भुऱ्याच्या उपयोगाचे नाहीत. जाणीव असेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेच्या रुग्णालयात दाखवा. या सरकारी शिक्षणसंस्था आहेत आणि तिथं शिकवणारे शस्त्रक्रियातज्ज्ञ असतात. जाण्याआधी फोन करून दिवस आणि खर्च विचारून घ्या.

तो चालणार नाही असं ठरलं, तरी पोटभर खातो आहे, शेपूट हलत नसली तरी कान हलवतो आहे, तुम्हाला बघून पुढं सरकतो आहे, तोवर त्याचं जगणं जगण्यासारखं आहे. खाली जुनी गोधडी घाला, दिवसातून चारदा कूस बदला, ओलं राहू देऊ नका. लघवी आपोआप होत नसेल तर पोट हलकं दाबून ती कशी काढायची, हे डॉक्टरांकडून शिकून घ्या, नाहीतर लघवी तुंबून संसर्ग होतो. जखमा चिघळल्या, अन्न सुटलं, वेदना थांबेनात, तर पशुवैद्याच्या हातून शांत मरण देण्याची कायद्यात मुभा आहे. ते केलंत म्हणून तुम्ही त्याला टाकलं असं होणार नाही.

बाकीच्या दहांचा खर्च कमी होण्यासारखा आहे, आणि सुरुवात त्या चार माद्यांपासून करा. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं. ती पिल्लं पार्व्हो या विषाणूनं रक्ताची हगवण लागून पडतात आणि तुम्ही सलाइनवर पैसे घालता. हा खर्च नसबंदीनं मुळातच थांबतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांत जननेंद्रियाला जी रक्त गळणारी गाठ येते, तीही बहुतेक लागण झालेल्या जोडीदाराकडूनच येते. त्यामुळं हातात पहिले दोन हजार आले तर ते औषधांवर न घालता माद्यांच्या नसबंदीवर घाला. तालुक्याच्या दवाखान्यात होत नसेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा. चौघींना एकाच फेरीत न्या. सोयाबीन घेऊन बाजार समितीत जाणारी गाडी ओळखीची असेल तर भाड्याचा मोठा भार उतरतो.

रेबीजची लस सगळ्यांना दरवर्षी हवीच. ६ जुलै (जागतिक प्राणिजन्य रोग दिन) आणि २८ सप्टेंबर (जागतिक रेबीज दिन) या दिवसांच्या आसपास सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत मोफत लसीकरण शिबिरं होतात. पशुधन विकास अधिकाऱ्यांना आधी भेटून अकरा कुत्र्यांची यादी देऊन ठेवा. जागेवर उपचार लागले तर १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री क्रमांक आहे. त्यांची फिरत्या दवाखान्याची गाडी मुख्यतः गुरांसाठी फिरते, पण विचारायला संकोच करू नका. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. गोचीडतापाला लागणारं डॉक्सिसायक्लिन माणसांचंच औषध आहे, जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतं. घरातली दुखण्याची गोळी मात्र मनानं देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात, आणि वाचवलेल्या चार रुपयांचे चार हजार होतात.

एक गोष्ट पत्रात कुठंच नव्हती, म्हणून काळजी वाटली. तुम्ही जखमी कुत्री रोज हाताळता, मुलंही त्यांच्यात खेळतात. चावा किंवा ओरखडा झाला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. चुना, मिरची, हळद काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, लस मोफत असते. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. चावण्याआधीच घ्यायची लस तुम्हाला मिळेल का, तेही तिथल्या डॉक्टरांना विचारा.

मग पैसे द्यायचे कोणी? फोन करणाऱ्यानं. आजपासून प्रत्येकाला सांगा, "दादा, मी मलमपट्टी करीन, पण गाडी आणि पहिलं बिल तुमच्याकडं." निम्मे फोन बंद होतील. उरलेले लोक तुमचे खरे सोबती. चिकनच्या दुकानातले पाय-मुंड्या, लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात मागा. भातात कांदा-लसूण असेल तर घेऊ नका, आणि शिजवलेली हाडं घालू नका. तुमच्या भाच्यानं व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड टाकून जे पैसे जमवले, ते घरखर्चात मिसळले असं तुम्ही लिहिलंत. त्यासाठी वेगळं बचत खातं काढा आणि प्रत्येक बिलाचा फोटो त्याच ग्रुपवर टाका. मदत करणाऱ्यानं हिशेब मागितला, यात अपमान नाही. त्याचा तो हक्कच आहे.

आणि ग्रामपंचायतीला यातून सुटू देऊ नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. तुमच्या आवारातला भार गावाचाच आहे, तो तुम्ही एकटीनं उचललात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जी ग्रामसभा आधी येईल तिच्यासाठी अर्ज लिहा. गावात मोकाट कुत्री किती, माद्या किती, गेल्या वर्षी किती जणांना चावली, एवढं त्यात असू द्या. चाव्याची नोंद आरोग्य केंद्रात असते, ती आशाताईंना विचारा. अर्जाची पोच घ्या. यजमान तोवर सोबत आले असतील तर त्यांची सही पहिली घ्या. सासूबाईंनाही विचारून बघा. नातवंडांना कुत्रं चावू नये, एवढं तर त्यांनाही हवं असेल.